ज्याला कुणी खोडलं नाही

माझी ताई पोटापाण्यासाठी वादांचा अभ्यास करते. हे सांगितलं की लोक हसतात. मी हसत नाही, कारण लहानपणापासून तिच्याशी भांडण्याचा मान माझा आहे. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. फरक इतकाच, की भिंत शांतपणे विचारत नाही, "बरं, याच्या विरुद्ध तुझं काय म्हणणं?"

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, जिन्याच्या शेवटी तिची खोली आहे. एका भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर नुसती वर्तुळं आणि बाण. एकदा तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेलो, तर तिने मला बसवूनच घेतलं. वर्तुळ म्हणजे एक मुद्दा. बाण म्हणजे हा मुद्दा त्या मुद्द्याला खोडतो. ज्याला कुणीच खोडलं नाही तो हिरवा, म्हणजे उभा. त्याने खोडलेला तो लाल, म्हणजे पडला.

"आता गंमत बघ," ताई म्हणाली. "या पडलेल्याने आधी ज्याला पाडलं होतं, तो पुन्हा उठतो."

हे सगळं ती यंत्राला शिकवत होती, म्हणजे हजारो मुद्द्यांच्या गुंत्यातूनही कोण उभं राहिलं ते त्याला सांगता येईल.

"आणि बोलणारा कोण, तो किती ओरडतोय, हे कुठे मांडतेस?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

मी जिना उतरलो तो थक्क होऊन. आमच्या घरात आजवर ज्याचा घसा मोठा त्याचंच खरं झालं होतं, आणि तो घसा बहुतेक वेळा माझाच होता.

त्याच सुमारास बाबांच्या हातांची थरथर वाढली. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. हात ऐकेनात तेव्हा दुकानाला कुलूप लागलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली: डोक्यात बारीक तार बसवायची, थरथर बरीच थांबेल, पण बोलणं जड होण्याचा थोडा धोका. दुसऱ्या दिवशी होकार किंवा नकार कळवायचा होता. दुपारच्या जेवणानंतर मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला: शस्त्रक्रिया नकोच. ताईने निमूटपणे लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला.

"बोल. एकेक मुद्दा."

बाबा खुर्चीत गप्प, मांडीवर हात दाबून. आई समोर. तिला ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली. आम्ही तिच्यापुढे सावकाश बोलतो, ती ओठ वाचते.

पडद्यावर वर्तुळं उमटली. शस्त्रक्रिया करावी, हातांची थरथर थांबेल. त्यावर माझा बाण: बोलणं बिघडेल. त्यावर ताईचा: फार थोड्यांचं बिघडतं. माझा मुद्दा लाल झाला, तसा मी चरफडलो. मग शेवटचं वर्तुळ: दुकान बंद झालंय, आता हातांना काम काय? त्याचा बाण थेट शस्त्रक्रियेवर. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही, घरात सगळेच म्हणत होते. ताईने बटण दाबलं. शस्त्रक्रिया लाल.

"झालं!" मी टाळी वाजवली. "तुझंच यंत्र माझ्या बाजूने बोललं."

ताई पडद्याकडे बघतच राहिली. "हे शेवटचं का जिंकलं माहितीये? याला कुणी हरकतच घेतली नाही."

"खरंच आहे ते, म्हणून नाही घेतली."

"यंत्राला खरंखोटं कळत नाही रे. कुणी खोडलं की नाही, एवढंच कळतं." तिने लॅपटॉप बाबांकडे फिरवला. "बाबा, तुम्हाला हे मान्य आहे?"

बाबांनी वाचलं. मग आईकडे पाहिलं.

"तुझ्या आईशी मी हातांनी बोलतो," ते म्हणाले.

आम्हाला ठाऊक होतं. दोघांनी मिळून रचलेल्या खुणा होत्या त्या. आम्हाला तो म्हातारा-म्हातारीचा खेळ वाटायचा.

"ओठ वाचते की ती," मी म्हणालो.

"ओठ सगळ्यांचे वाचते. हात फक्त माझे." बाबांनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. "आता माझे हात नीट चालत नाहीत. ती नुसती मान हलवते. तिला कळलेलं नसतं, हे मला कळतं. बोलणं गेलं तर जाऊ दे."

आईने त्यांचे ओठ वाचले होते. तिने मान खाली घातली.

ताईने नवं वर्तुळ काढलं, त्यात बाबांचं म्हणणं लिहिलं, एक बाण ओढला. हातांना काम काय, हे लाल झालं आणि शस्त्रक्रिया हिरवी होऊन उठली. एवढी वर्षं मी या घरात घसा फोडला, पण एका वाक्याने सगळं असं उलटताना कधी पाहिलं नव्हतं. मला बहिणीचा अभिमान वाटला, आणि भीतीही.

शस्त्रक्रिया झाली. बाबांचं बोलणं जड झालंच, जीभ अडखळायची. ताईचा चेहरा उतरला. सगळे बाण तिनेच तर ओढले होते. ती काही बोलणार, तोच बाबांनी आईकडे बघून हात उचलले. हात स्थिर होते. बोटं भराभर फिरली. आईने डोळे बारीक केले, तिच्याही बोटांनी काहीतरी उत्तर दिलं आणि ती तोंडावर पदर धरून लाजून हसली.

"काय म्हणाले गं?" मी तिच्यासमोर जाऊन विचारलं.

"तुमच्या कामाचं नाही," आई म्हणाली आणि आम्हाला हाताने बाजूला सारून पुन्हा बाबांकडे वळली. किती दिवसांचं साठलं होतं त्यांचं.