बोंबलाच्या बांबूवरचा कोळी

“नर कुठाय?” मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता सरांनी विचारलं.

सर म्हणजे आमच्या अंधेरीच्या कॉलेजातले झूलॉजीचे हेड. मनोरीच्या कोळीवाड्यात बोंबील वाळवायच्या बांबूंवर मला हा उड्या मारणारा कोळी सापडला होता. हा माशी धरायला जाळं विणत नाही, मांजरासारखी झेप घेतो. पाठीवर असा तिरका पांढरा पट्टा मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. पण माझ्याकडे होत्या सगळ्या माद्या, आणि एकच नर, तोही अर्धवट वाढलेला.

“पट्ट्याचं काय घेऊन बसलात, मॅडम? जुनीच जात आहे. रंग बदलतो.”

माझं डोकं फिरलं. पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. कोळ्याच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, ते पाल्प. नराने शेवटची कात टाकली की त्यांच्या टोकाला त्या त्या जातीचा आकार येतो, किल्लीच्या दात्यांसारखा. तो दाखवला की वाद मिटतो.

म्हणून त्या नराला काचेच्या नळीतून बोरिवलीला घरी आणलं. पावसाळा तोंडावर आलेला, मनोरीचे बांबू उतरलेले. हा मेला की माझी वाट लागली. लोक माशा मारतात, आम्ही त्या जिवंत पकडायला लागलो.

“अगं, पाहुणे आलेत, ती नळी आत ने ना,” आई म्हणायची. ते गेले की स्वतःच आंब्याची सालं उघड्यावर ठेवायची.

मग त्याने खाणं सोडलं. रेशमाची छोटी पिशवी विणून आत बसला. मी जाम घाबरले. एका सकाळी पाहते तर पिशवीत रिकामी कात, आणि हा बाहेर बसून आठही डोळ्यांनी माझ्याकडे बघतोय.

त्याला स्पिरिटमध्ये घालताना वाईट वाटलं. पण पाल्पच्या टोकाला दोन टोकांचा हूक होता. असा कुठल्याच ओळखीच्या जातीत नव्हता. सर बराच वेळ मायक्रोस्कोपला चिकटून होते.

“नवीनच आहे हो,” ते म्हणाले. “नाव कोणाचं देताय?” सुरात आशा होती.

“मनोरीचं.”

त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बटाटेवडे खिलवले. सरांना दोन.

पेपर छापून आल्यावर मनोरीला गेले. ज्यांचे ते बांबू, त्या हिरामावशींना सांगितलं. “कोल्याला कोलीवाड्याचं नाव,” त्या म्हणाल्या. “बराबर हाय.”

विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगते, नर पुरता वाढल्याशिवाय त्याच्याविषयी मत देऊ नका.