परसात कमरेएवढं पाणी

सासरे ओल्या फरशीवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण दोन महिने उलटले तरी ते वॉकर सोडेनात. सीवूड्सचे डॉक्टर म्हणाले, "यांना रोज पाण्यात चालवा. पायावर भार येत नाही." माझ्या माहेरच्या सोसायटीत स्विमिंग पूल होता, पण तिथे बाहेरच्यांना परवानगी नव्हती. शेवटी नवऱ्याने जासईच्या आमच्या घरामागे, परसात, कमरेएवढ्या खोलीचा छोटा पूल बांधून घेतला.

भरायला तीन टँकर लागले. सासूबाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या.

"एवरा पानी? नुसता चालाला?"

लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी विहिरीवरून डोक्यावर हंडे आणले होते.

पूल भरला की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. आवाज नको म्हणून फिल्टरही बंद ठेवला. पाचव्या दिवशी पाणी हिरवं पडलं. पूलवाल्या कारागिराला बोलावलं, तो बिचारा हसला नाही. "रोज फिल्टर चालवा, भिंती घासा, संध्याकाळी क्लोरीन टाका," तो म्हणाला, "कुणाला शिकवू?"

नवऱ्याची महापेला शिफ्ट, माझी शाळा. आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच सासूबाई पुढे झाल्या. "मना दाखव."

त्यांना वाचता येत नाही. कारागिराने क्लोरीन तपासायला पाण्यात बुडवायच्या पट्टीवरचा कुठला रंग बरा आणि कुठला वाईट, तेवढं दाखवलं. एकदाच. मग रोज सकाळी बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची धूळ पाण्यावर साय धरल्यासारखी जमलेली असायची, ती त्या जाळीने हलकेच ओढून काढायच्या. आठवड्याभरात तळाची फरशी दिसायला लागली.

पण सासरे पाण्यात उतरेनात. पायरीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "आज नको." असे आठ दिवस गेले. एका रविवारी नवरा चिडला. "बाबा, हे सगळं तुमच्यासाठी केलंय ना?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "आनि मी परत परलो तर?"

पडण्याची ही भीती त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवली. नवऱ्याचा चेहरा उतरला.

सासूबाईंनी जाळी भिंतीला टेकवली आणि त्या लुगड्यानिशी सरळ पायऱ्या उतरल्या. लुगडं फुगून वर आलं, ते एका हाताने दाबत त्यांनी दुसरा हात पुढे केला. "पराल तं पान्यान पराल. मी हाय ना."

सासरे उतरले. त्यांचे दोन्ही हात धरून त्या उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या, आणि ते एकेक पाऊल टाकत होते. समोरच्या भिंतीला हात लागला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. सासूबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

दिवाळीपर्यंत वॉकर माळ्यावर गेला. आता ते काठी घेऊन एकटे नाक्यावर चहाला जातात. पूलची गरज संपली म्हणून नवऱ्याने तो बुजवायचा विषय काढला, तर सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून कडाडल्या, "आनि माजं गुरघं?"

सध्या शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येतात. मॅक्सी घालून, भिंतीला धरून तिघी फेऱ्या मारतात आणि सुनांची गाऱ्हाणी सांगतात. मी टॉवेल घेऊन आले की गप्प होतात.