पावसाच्या गाण्याचा टँकर

माझ्या मूर्खपणाचे किस्से बरेच आहेत, पण हा सांगताना अजून कान गरम होतात. ऐका.

मी स्वस्तातले पिक्चर काढायचो. भूत, नागीण आणि डाकू, तिघंही एकाच पिक्चरमध्ये. शिवाय पावसात भिजणाऱ्या नटीचं एक गाणं पाहिजेच. ते नसेल तर वितरक डबा उघडूनही बघत नसे. आणि त्या वर्षी पाऊस कुठला? लातूर नवाच जिल्हा झालेला, अन् सगळा जिल्हा आभाळाकडं बघून राहिलेला.

मग मी पाण्याचा टँकर भाड्यानं ठरवला. पुढं जीपमध्ये मी, सफारी घालून, काळा चष्मा लावून. मागच्या सीटवर आमची नांदेडची नटी मीना. जीपमागं टँकर. रेणापूरच्या अलीकडं एका गावात शिरलो, तर वेशीवर अख्खं गाव उभं. सरपंचांनी माझ्या गळ्यात हारच घातला.

"साहेब, तुमची लई वाट बघून राहिलो होतो."

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, आपलं नाव झालं. मीनाला म्हणालो, "बघितलंस? खेड्यापाड्यात ओळखतात मला."

"दोन शब्द बोला," सरपंच म्हणाले. मी लगेच पारावर चढलो.

"आज जे आणलंय, ते तुमच्या सगळ्यांसाठीच आहे. आणि मी एवढ्यावर थांबणार नाही. दर महिन्याला नवं घेऊन येईन."

टाळ्याच टाळ्या. एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. काय सांगू, कलेची एवढी कदर मी मुंबईतही पाहिली नव्हती.

खाली उतरतो तर टँकरला चारी बाजूंनी घागरी लागलेल्या.

"सरपंच, हे काय चाललंय?"

"पाणी भरून राहिलेत, साहेब. तुम्हीच म्हणाले ना, सगळ्यांसाठी हाय म्हणून? नव्या कलेक्टर हापिसातनं तुमच्यासारखा माणूस आला, गावाचं नशीब."

मीना जीपमधून उतरली, पदर खोचला आणि त्या म्हातारीची घागर भरू लागली. जाता जाता मला हळूच म्हणाली, "आता काही बोलू नका. भरू द्या त्यांना." खरं सांगतो, पाणी बंद करा म्हणायची छाती मलाही झाली नाही.

गाणं शेवटी दोन तांब्यांत उरकलं. मीनाचा एक खांदा तेवढा ओला, बाकी सगळं वादळ टेबलफॅनचं.

पिक्चर लातूरला लागला. पहिल्याच खेळाला सरपंच दिसले, गावातली दहाबारा माणसं घेऊन आलेले. खेळ सुटल्यावर मी छाती काढून पुढं झालो.

"सरपंच, हा पिक्चर मीच काढलाय."

त्यांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून, घरातलं कुणी गेल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाले,

"साहेब, एवढी चांगली सरकारी नोकरी कामून सोडली हो?"