फास्ट म्हणजे फास्ट

छापखान्याच्या माडीवर सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून तो मुद्रितं तपासत होता. सगळे त्याला कानामात्रा म्हणत. त्याच्या नजरेतून एकही काना निसटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नव्या इंग्रजी-मराठी कोशात त्याचं नाव पहिल्यांदाच छापलं जाणार होतं. संपादकांच्या नावाखाली, बारीक टायपात. बायकोने तेवढ्यासाठी भिंतीवरची एक फळी रिकामी केली होती.

शेवटाकडच्या पानांत तो अडला. 'स्टेडफास्टली : स्थिर व वेगवान रीतीने.'

त्याने कागद संपादकांपुढे ठेवला. संपादक चार समित्यांवर होते आणि वाचनाला त्यांना सवड नसे.

"साहेब, हा माणूस एकाच वेळी उभाही आहे आणि पळतोही आहे."

"मग? फास्ट म्हणजे फास्ट."

"जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट. वेग नंतर चिकटला. स्टेड म्हणजे जागा, आपल्या 'स्थान'चाच लांबचा भाऊबंद. जागा घट्ट धरून, अढळपणे. एवढाच अर्थ."

"कानामात्रा, तुम्ही काने बघा. अर्थ आम्ही बघतो."

शेजारच्या टेबलावरची नवी उपसंपादक खुदकन हसली आणि लगेच खोकली.

"मुलं हे पाठ करतील, साहेब."

"करू देत की. परीक्षेत कोण विचारतंय? सही करा, खाली मशीन थांबलंय. का नाव काढायचं तुमचं?"

कानामात्राने त्यांच्याकडे पाहिलं. गुळगुळीत दाढी, खिशाला तीन पेनं, त्यातलं एकही कधी झिजलेलं नाही. या गृहस्थाची लंगडी वाक्यं आपण सत्तावीस वर्षं सरळ केली, म्हणून हा विद्वान. त्याला किळस आली. थोडी स्वतःचीही.

त्याने लाल पेन्सिल उचलली. नामावलीच्या पानावर स्वतःच्या नावावरून आडवी रेघ ओढली. समासात गाळण्याची खूण केली, नेहमीसारखी नेटकी.

"झालं समाधान?" संपादक म्हणाले आणि शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "आता ही करेल सही."

त्या नव्या मुलीने मान खाली घालून सही केली.

नामावलीचं पान उचलताना कानामात्राची नजर स्वतःच्या खोडलेल्या नावावरून एक ओळ वर गेली. संपादकांच्या आडनावातला काना गळला होता.

त्याने तो नीट पाहिला. पेन्सिल खिशात ठेवली आणि पान मशीनकडे पाठवून दिलं.