मोडतेबुवांच्या घरचं पॅनेल

दलाल मंडळी त्यांना पाठीमागे 'मोडतेबुवा' म्हणायची. विकाऊ घर गिऱ्हाइकाला तपासून द्यायचं, हा त्यांचा धंदा. विजेच्या पॅनेलचं झाकण उघडून त्यांनी नुसतं 'हं' म्हटलं, की जमत आलेला व्यवहार बोंबललाच समजा.

आज ते स्वतःच्याच घराच्या पॅनेलपुढे उभे होते. बायको जाऊन वर्ष होत आलेलं. घर विकून बाबांना आपल्याकडे न्यायचं, असं मुलीने ठरवलं आणि बाबांनी मान डोलावली. हल्ली ते कशालाही मान डोलावत. राहिलं काय, गेलं काय, त्यांना सगळं सारखंच वाटत होतं. तपासायला दुसरा कोणी आणा, असं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगून पाहिलं. पण तुमच्याइतका खडूस माणूस कुठे शोधू, म्हणत तो हटून बसला. मुलीने त्यांना बाजूला घेऊन बजावलं, की निदान आपल्या घराला तरी मोडता घालू नका.

त्यांनी मेन बंद केला, टॉर्च लावला आणि नेहमीच्या रीतीने एकेक दोष मोठ्याने सांगायला सुरुवात केली. झाकणाचे दोन स्क्रू गायब. तिसरा लाकडात मारायचा, टोकदार. आतल्या वायरीला भोसकेल असा. काढलेल्या खटक्याची जागा नुसता पुठ्ठा लावून बुजवलेली. खालची कड गंजलेली. मुलीने कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक म्हणालं, एवढंच ना, झाकण नवं बसवू, घर मी घेतलं.

"अजून आहे," ते म्हणाले. झाकणाच्या आत, कुठला खटका कशाचा, ते सांगणाऱ्या पट्ट्या होत्या. अक्षर बायकोचं. स्वयंपाकघर, पंप, आणि शेवटी 'ह्यांची खोली'.

"खुणा चुकीच्या. 'ह्यांची' म्हणजे कुणाची, ते नव्या माणसाला कळायचं नाही." मग त्याच सपाट आवाजात ते पुढे म्हणाले, "आणि असं म्हणणारं माणूस आता नाही."

वर्षभरात हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मुलगी जवळ आली.

"बाबा, राहू दे का विकायचं?"

त्यांनी टॉर्च बंद केला.

"विकून टाक," ते म्हणाले. "झाकण तेवढं मी नेईन."