सिन्योरा दाबके

दाबकेमावशींना आमच्या गिरगावातल्या चाळीत सगळे सिन्योरा म्हणत, आणि हे चुकीचं आहे असं त्या प्रत्येकाला थांबवून सांगत. “सिन्योरा लग्न झालेल्या बाईला म्हणतात. माझं झालेलं नाही. मी सिन्योरिना.” हे त्या वाण्याला सांगत, पोस्टमनला सांगत, गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळींना सांगत. कुणीही सुधारलं नाही. पण म्हणून त्यांनी सांगायचं सोडलं, असंही नाही. चुकीचा शब्द कानावर पडला आणि मावशींनी तो तसाच जाऊ दिला, असं मी माझ्या उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. ते माझ्यामुळे घडलं.

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका इटालियन जहाज कंपनीत त्या अठ्ठावीस वर्षं स्टेनो होत्या. कंपनीचं काम इंग्रजीत चाले, इटालियनची कुणी सक्ती केलेली नव्हती. पण साहेब लोक आपापसात काय बोलतात ते कळलं पाहिजे, म्हणून त्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकल्या. “माझी खात्री होती, हे आपल्याबद्दलच बोलत असणार,” त्या सांगत. “भाषा आल्यावर कळलं, मेले दिवसभर फक्त जेवणाबद्दल बोलतात.”

त्यांच्या वह्यांमध्ये इटालियन देवनागरीत लिहिलेली असे. ताल्यातेल्ले, न्योक्की, प्रोश्युत्तो, सगळी पदार्थांची नावं. “इंग्रजांनी या भाषेची पार वाट लावली. आपल्या लिपीत बघ कशी चपखल बसते, जोडाक्षरांसकट.” आयुष्यात अंड्यालाही हात न लावलेल्या या बाईला इटलीतल्या कुठल्या गावात मासा कशात शिजवतात, हे पाठ होतं. शेजारच्या काकू विचारत, “अगं शालिनी, खायचं नाही तर कशाला गं लक्षात ठेवतेस?” मावशी म्हणत, “लंका कुठे पाहिलीय आपण? पण रामायण ठाऊक आहे ना?”

मी पाचवीत असताना आईने मला त्यांच्याकडे इंग्रजीसाठी पाठवलं. मी भराभर बोलायची आणि प्रत्येक शब्दाचं शेपूट गिळायची. मावशी वर्तमानपत्र समोर ठेवत आणि मोठ्याने वाचायला लावत. चुकलं की पट्टी वगैरे काही नाही, नुसतं चष्म्यावरून बघत. “मृणाल, शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊ नये. भूक लागली असेल तर जेवावं.” आणि मग खरंच मुगाची खिचडी वाढत. बारावीपर्यंत मी रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत असे. पुढे पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्यांनी मला तासभर उभं करून प्रश्न विचारले. मी बसायला गेले तर म्हणाल्या, “उभं राहून बोलता आलं की बसून कुणालाही येतं.” ती नोकरी मला मिळाली. तिथल्या मुली कॉन्व्हेंटमधल्या होत्या. त्यांच्यात मी कधी कमी पडले नाही, ते केवळ या बाईमुळे.

त्यांच्या स्वभावात एक तिखटपणा होता आणि त्याला कारण होतं. नोकरीच्या विसाव्या वर्षी कंपनीने मिलानच्या कचेरीत तीन महिन्यांसाठी इथून एक माणूस पाठवायचं ठरवलं. साहेब लोक सोडले तर इटालियन येणारं माणूस मुंबईच्या कचेरीत एकच. मावशींनी पासपोर्ट काढला, भुलेश्वरला जाऊन लोकरीचं कापड घेतलं, कोट शिवून घेतला. आणि ऐन वेळी मॅनेजरने त्यांच्या हाताखालच्या मुलीला पाठवलं. कारण काय? “मिस दाबके, तुम्ही शाकाहारी. तिथे तुमची फार गैरसोय होईल.” मावशींनी तो कोट त्या मुलीला देऊन टाकला. ही हकीकत त्या हसत सांगत आणि शेवटी म्हणत, “माझ्या गैरसोयीची इतकी काळजी त्याआधी कुणी केली नव्हती.” हसू तोंडापुरतं असे. डोळे अजून त्या मॅनेजरच्या टेबलासमोर उभे असत.

मला पहिला पगार मिळाला तेव्हा मी म्हटलं होतं, “मावशी, मी तुम्हाला एकदा खऱ्या इटालियन हॉटेलात जेवायला नेणार.”

“ने. पण घाईत नेऊ नकोस. त्यांच्याकडे एकामागून एक ताटल्या येतात, दोन-तीन तास बसावं लागतं. तेवढा वेळ असेल तेव्हाच विचार.”

तेवढा वेळ मला बारा वर्षं मिळाला नाही. लग्न झालं, दादरला राहायला गेले, मुलगी झाली, नोकऱ्या बदलल्या. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जायची आणि दर दिवाळीला म्हणायची, “या वर्षी नक्की हं मावशी.” त्या म्हणायच्या, “हो, मी कुठे पळून चाललेय!”

मग तो रविवार आला. माझ्या नवऱ्याची, आनंदची, सिंगापूरला बदली व्हायची शक्यता होती आणि ती त्याच्या साहेबांच्या हातात होती. म्हणून आम्ही साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं. फोर्टात एका जुन्या दगडी इमारतीत नवं इटालियन रेस्टॉरंट निघालं होतं. तिथे मेन्यूकार्डातून निवडायचं नाही. शेफ ठरवेल त्या सात शाकाहारी ताटल्या, त्याच क्रमाने, आणि पैसे आधी भरायचे. शनिवारी दुपारी साहेबांचा निरोप आला, बायकोला बरं नाही, मी एकटाच येईन. चौथी खुर्ची रिकामी राहणार होती. पैसे परत मिळणार नव्हते.

मी मावशींना फोन केला. म्हटलं, “मावशी, उद्या दुपारी तयार राहा. तुम्हाला दिलेला शब्द पाळतेय.”

मग त्या म्हणाल्या, “उद्याच? अगं, साडीला इस्त्री तरी करू दे.”

त्या मोतिया रंगाची साडी नेसून आल्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पण पाठ ताठ, केसांत अबोलीचा लहानसा गजरा. आत शिरल्यावर थांबल्या आणि दीर्घ श्वास घेतला. मला म्हणाल्या, “तुळशीची बहीण. त्यांची बाझिलिको.” त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा लहान मुलीसारखं हसताना पाहिलं.

पहिली ताटली आली. बोटभर पाव, वर टोमॅटो. वेटरने नाव सांगितलं, “ब्रुशेटा.”

“ब्रुस्केत्ता,” मावशी म्हणाल्या.

साहेब चारदा इटलीला जाऊन आले होते आणि तिसऱ्या वारीचं वर्णन चालू होतं. ते थांबले. “नो, नो, आंटी. ब्रुशेटा. मैं वहाँ खाके आया हूँ.”

“खाल्लं असेल. पण उच्चार क आहे, सर,” मावशी त्यांच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. त्यात खोच नव्हती. चाळीतल्या पोस्टमनला सांगत तसंच सांगितलं. साहेब हसले, पण त्यांची मान जरा आखडली. आनंदने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

दुसरी ताटली म्हणजे एवढ्याशा वाटीत मटाराचं सूप. ती कशीबशी पार पडली. तिसऱ्या ताटलीत ताल्यातेल्ले होतं, रुंद फितीसारखा पास्ता. मावशींनी काटा खाली ठेवला आणि वेटरला विचारलं, “यात अंडं आहे का?”

“नो मॅम, प्युअर व्हेज.”

“हा पास्ता ताजा असेल तर अंड्याशिवाय होत नाही. कृपा करून आत विचारून या.”

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “आंटी, थोडा तो चलता है.” वेटर आत गेला आणि शेफच बाहेर आला. पन्नाशीचा, इटलीतूनच आलेला. तो इंग्रजीत माफी मागायला लागला, आणि मावशी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलल्या.

मग त्याने दोन्ही हात वर केले, हसला आणि त्यांच्या खुर्चीपाशी चक्क उकिडवा बसला. दोघं बोलत सुटले. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मध्येच मिलान ऐकू आलं, मध्येच खिचडी. आजूबाजूची टेबलं वळून बघत होती. मावशींचे हात बोलताना हवेत फिरत होते. त्यांचे हात असे फिरू शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पाच मिनिटं झाली, सात झाली. साहेबांनी फोन काढला. त्यांच्या पुढ्यातली ताटली निवत होती आणि त्यांच्याकडे बघायला शेफला वेळ नव्हता.

आनंद माझ्या कानात म्हणाला, “त्यांना आवर ना. सगळं जाईल हातातून.”

मी मावशींकडे झुकले. साहेबांना मराठी येत नव्हतं, शेफला येत नव्हतं. त्या भरवशावर मी हसऱ्या चेहऱ्याने बोलले. “मावशी, पुरे आता. ही पार्टी तुमच्यासाठी नाहीये. साहेबांची बायको आली नाही, जागा रिकामी जात होती, म्हणून तुम्हाला आणलं. निदान गप्प तरी बसा.”

मावशींचे हात हळूच खाली आले. त्यांनी ते मांडीवर, नॅपकिनखाली ठेवले. शेफने काहीतरी विचारलं, बहुधा मी काय म्हणाले ते. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं. तो उठला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेला. पाच मिनिटांत त्यांच्यासाठी बिनअंड्याची दुसरी ताटली आली.

अजून चार पदार्थ बाकी होते. मावशींनी चारही खाल्ले, ताटलीत कण ठेवला नाही. वेटरने काही विचारलं की “येस” किंवा “थँक यू” म्हणत. साहेबांचा मूड परत आला. त्यांना मोठं मन दाखवावंसं वाटलं असावं. बटाट्याच्या गोळ्यांची, म्हणजे मावशींच्या वहीतल्या न्योक्कीची, ताटली आल्यावर म्हणाले, “आंटी, यू आर द एक्स्पर्ट. इसको क्या बोलते हैं? ग्नोची, ना?”

मावशींनी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“ग्नोची,” त्या म्हणाल्या.

“देखा!” साहेब खूश झाले. आनंदने सुटकेचा निश्वास सोडला. मी साहेबांच्या ग्लासात पाणी ओतलं.

टॅक्सीने त्यांना चाळीपर्यंत सोडलं. वाटेत त्या बाहेर बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, “जेवण छान होतं. साहेबांना आवडलं ना?” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “मग झालं तर.” आणि जिन्याचा कठडा धरून वर गेल्या.

बदली झालीच नाही. तीन महिन्यांत साहेबांनीच दुसरी कंपनी धरली आणि आनंदचा फोनही उचलेनासे झाले. हे मी मावशींना सांगितलं नाही. सांगायला जायला हवं होतं, पण प्रत्येक रविवारी मला काहीतरी काम निघे. त्या दिवाळीला फराळाचा डबा मी माणसाकरवी पाठवला. डबा धुऊन, पुसून परत आला, आत रीतीप्रमाणे साखर घातलेली. चिठ्ठी नव्हती. पुढे चाळ पाडायला घेतली, बिऱ्हाडं पांगली. मावशींना शिवडीला एका उंच इमारतीत भाड्याची जागा मिळाली, असं आईकडून कळलं.

मी शिवडीला गेले तेव्हा त्या रविवारला दीड वर्ष होऊन गेलं होतं. अकराव्या मजल्यावरची एक खोली, खिडकीतून गोद्यांची गोदामं दिसत होती. दार मावशींनीच उघडलं. खूप वाळल्या होत्या, पण पाठ अजून ताठ होती.

“या,” त्या म्हणाल्या. “बसा. सापडलं ना घर तुम्हाला?”

मला वाटलं, माझ्यामागे कुणी उभं आहे. मी वळूनसुद्धा बघितलं. कुणी नव्हतं.

“मावशी, मी मृणाल.”

“हो, ओळखलं की. चहा घेणार की सरबत घेणार तुम्ही?”

शेजारची एक मुलगी औषधं द्यायला आली. तिला त्या म्हणाल्या, “अगं, तू जेवलीस का?” म्हणजे वयाने काही विसरायला झालं होतं, अशातलाही भाग नव्हता.

मी पाठ करून गेले होते ते सगळं बोलले. माझं चुकलं, मी तसं बोलायला नको होतं, मला झोप लागत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही, एकही शब्द सुधारला नाही. मग म्हणाल्या, “अहो, त्यात काय. नोकरीत असं होतंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“मावशी, मला तुम्ही नका ना म्हणू.”

“बरं दिसत नाही ते,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि बशीतला लाडू माझ्याकडे सरकवला.

अर्ध्या तासात बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी उठले, त्यांच्या पाया पडले. त्यांनी रीतसर आशीर्वाद दिला, मुलीची चौकशी केली, लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. त्यानंतर पाच महिन्यांनी त्या गेल्या. मला दहाव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मी म्हटलं, “येते हं मावशी.” आपल्याकडे यावर काय म्हणायचं असतं, ते लहान पोरालाही ठाऊक आहे. उंबऱ्यातून निघणाऱ्याला कुणी जा म्हणत नाही, वैऱ्यालासुद्धा म्हणत नाही. आणि शब्द चुकणारी ती बाई नव्हती.

“हं,” मावशी म्हणाल्या, “जा तुम्ही.”