कोण राह्यलं?

आमच्या दारावर कधी लिंबू-मिरची टांगली गेली नाही. लिंबू सरबतात जायचं, मिरची फोडणीत. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून अंगारे, नवस, भूतखेत... सगळ्यांना आमच्या घरातून कायमची रजा मिळाली. मी पुढे आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. "मॅडम, पिंपळाखाली काहीतरी हाये" असं एखादा मुलगा सांगायला आला, की मी म्हणायची, "काहीतरी म्हणजे काय? कम्प्लीट सेंटेन्समध्ये सांग." पुढचं वाक्य कधी कोणाला जमलं नाही.

म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो आहे. पण माझी नातवंडं, लेकीची मुलं सम्यक आणि ऊर्वी, जपानमध्ये समुद्रकाठच्या एका लहान गावात राहतात, आणि त्या दिवशी फोनच्या या टोकाला काय झालं ते त्यांना नीट कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा मुलांनो, हे तुमच्यासाठी. बाकीच्या वाचकांनीही बसावं.

शिस्तीने सांगते.

मी सावली नावाच्या गावात राहते. माझं माहेरचं गाव इथून जवळच, वैनगंगेच्या काठी. तिथे दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे जत्रा. त्या दिवशी ढिवरांची मंडळी, म्हणजे नाव चालवणारी, मासे धरणारी घरं, एक जुना डोंगा बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढवतात. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव. त्याला आंब्याची पानं आणि धानाच्या लोंब्या बांधायच्या आणि दोराने ओढत गावभर फिरवून नदीवर न्यायचा.

त्यामागची गोष्ट अशी. फार पूर्वी मोठा पूर आला. नावाड्याने खेपा करून गाव पलीकडे नेलं. शेवटच्या खेपेला त्याने विचारलं, "सगळे आले का?" घाबरलेली माणसं एकदम म्हणाली, "हो, हो!" डोंगा मधोमध गेल्यावर मागून एक बारीक आवाज आला, "मी राह्यलीऽऽ". एक लहान मुलगी शेळी सोडायला मागे फिरली होती. पाण्याला इतकी ओढ होती की डोंगा वळला नाही.

तेव्हापासून त्या गावात "सगळे आले का?" असं कोणी विचारत नाही. लग्नाच्या वऱ्हाडातही नाही. "कोण राह्यलं?" असं विचारतात. मंडईच्या दिवशीसुद्धा दोर ताणण्याआधी म्हातारा नावाडी तशीच हाक देतो, सगळे क्षणभर गप्प उभे राहतात, आणि मग ओरडतात, "कोणी नाई!" आम्ही पोरं मध्येच "माही बकरी राह्यली!" म्हणून मार खायचो. बाबा म्हणायचे, बघायला हरकत नाही, मानायचं नाही. मी बघितलं, मानलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते. ऑक्टोबरचा महिना, सकाळची वेळ. माझी शेजारीण सुमनबाई माझ्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती माझ्याच माहेरगावची, ढिवरांच्या घरातली, आणि माझ्या शुद्ध बोलण्याची टिंगल करण्याचा हक्क तिने कधीच घेऊन टाकला आहे. तेवढ्यात सम्यकचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, बघ, आमच्या गावाची दाशी!"

तिकडे उत्सवाच्या रथाला दाशी म्हणतात. फोनच्या पडद्यावर एक भलीमोठी लाकडी नाव उभी होती, चाकांवर. चाकं तुमच्या बाबांच्या खांद्याइतकी उंच. खाली चहूबाजूंनी लाटांच्या नक्षीचा निळा पडदा, वर ढोल, पुढे जाड दोर धरलेली निळ्या अंगरख्यांतली माणसं. देवळासमोर थोडा वेळ थांबून रथ आता पुन्हा निघणार होता.

"अवं बाई," सुमनबाई पडद्यात डोकं घालत म्हणाली, "हा तं आपला डोंगा! तिकडं कोनं नेला?"

"सम्यक, यामागे काही गोष्ट आहे का रे?" मी विचारलं.

"आहे ना. वादळात गावातले सगळे बोटीत बसून पळाले, पण एक मुलगी किनाऱ्यावर राहून गेली. म्हणून बोटीत पुढची बसायची उशी रिकामी ठेवतात. आणि निघायच्या आधी सगळे एकदम शांत होतात. ती आली तर बसेल म्हणून. आता बघ हं..."

शेळीवाली मुलगी मला आठवलीच. तरी मी मनात म्हटलं, नदीकाठ काय, समुद्रकाठ काय, पाण्याजवळच्या माणसांच्या गोष्टी सारख्याच असणार.

पडद्यावर एका वृद्ध गृहस्थांनी हातातला पंखा वर उचलला. ढोल थांबले. एवढी गर्दी, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

सुमनबाईला राहवलं नाही. मला कोपर मारून ती फोनमध्ये ओरडली, "कोण राह्यलंऽऽ?"

आणि फोनमधून उत्तर आलं.

"मी राह्यली."

बारीक आवाज. लांबून, पाण्यावरून यावा तसा. सुमनबाईच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"कोन बोललं, बाई?"

शाळेच्या सहलीत मुलं मोजायची सवय होती, तिनेच मला हलवलं असेल. मी विचारलं, "सम्यक, ऊर्वी कुठे आहे?"

"आईजवळ."

"मला दाखव."

कॅमेरा फिरला. तुमच्या आईने हसून सांगितलं, "बाबाजवळ आहे गं." मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "माझ्याजवळ? तुझ्याकडेच होती ना?"

दोर ताणला गेला होता. पंखा खाली आला की रथ सुटणार होता. मी अंगणात उभी राहून किंचाळले, "रथ थांबवा! आधी रथ थांबवा!" तुमच्या आईने तिकडच्या भाषेत काहीतरी ओरडत गर्दीत धाव घेतली. पुढे फोनमध्ये नुसतं आभाळ, पाय, आभाळ. सुमनबाईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

रथ थांबला. ऊर्वी, तू निळ्या पडद्याच्या आत सापडलीस, पुढच्या चाकाला टेकून बसलेली. तुझी कागदी भिंगरी आत उडाली आणि तू तिच्यामागे गेलीस. पडद्याला शिवण सुटलेली एक फट होती, तिथून. पंखा खाली आला असता तर... हे वाक्य मला पूर्ण करता येत नाही.

मी नंतर पुष्कळ विचार केला. सम्यकला काही ऐकू आलं नव्हतं. तुमच्या आईलाही नाही. आमच्या अंगणात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, शेजारचा टीव्ही बंद होता. फोनमध्ये कधीकधी आपलाच आवाज परत ऐकू येतो, तसं असेल म्हणावं, तर सुमनबाईने विचारलं होतं "राह्यलं" आणि उत्तर आलं होतं "राह्यली". मी व्याकरण शिकवलेली बाई आहे. प्रतिध्वनी लिंग बदलत नाही.

आणि तो आवाज ऊर्वीचा नव्हता. ऊर्वीचं मराठी तिच्या आईकडून आलेलं, माझ्याच धाकातलं. "राह्यली" म्हणणाऱ्या किती मुलांना मी "राहिली म्हण" असं दटावलं असेल! माझ्या घरात तो शब्द कोणी बोलतच नाही.

त्याच दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. ऊर्वी अंघोळ करून, केस ओले, आईच्या मांडीवर. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तिनेच विचारलं,

"आजी, राह्यली म्हणजे काय?"

मी फोन जवळ घेतला. "कुठे ऐकलास हा शब्द?"

"तिथे आत एक ताई होती. ती सारखं तेच म्हणत होती. मी म्हटलं, मला नाही कळत."

"राहिली म्हणजे... मागे राहिली. सगळे गेले, ती राहिली."

ऊर्वीने जरा विचार केला. "मग तिला घ्यायला कोणी का नाही आलं?"

मी तिला केस पुसून घ्यायला सांगितलं. वैनगंगेच्या काठची मुलगी तिकडे कशी पोचली, की तिथलीच मुलगी आमच्या बोलीत बोलली, की दोन म्हाताऱ्यांचे कान एकाच वेळी फसले... मला खरंच ठाऊक नाही. कम्प्लीट सेंटेन्स मलाही जमत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर सुमनबाईबरोबर मी माहेरगावी मंडईला गेले. डोंगा सजला होता. नावाड्याने हाक दिली, "कोण राह्यलंऽऽ?" सगळे गप्प झाले. नदीवरून वारा येत होता. मग गाव एका आवाजात ओरडलं, "कोणी नाई!"

सुमनबाईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या तोंडून ते शब्द निघाले नाहीत.